फुकटची बालवाटिका

...आणि समजा, शू लागलीय हे तिनं सांगितलंच नाही तर? हसा, हसा. तुमची पोरं मोठी झाली, तुम्हाला हसायला काय जातंय? पण मी आठवडाभर या एका प्रश्नावर कूस बदलत होते. मराठी माध्यम की इंग्रजी, महापालिकेची शाळा की खासगी, बोर्ड कुठलं, हे सगळे दिवसाचे प्रश्न, नवऱ्याशी भांडायला बरे. डोळा लागायच्या आत छातीवर येऊन बसतो तो प्रश्न वेगळाच असतो. तो म्हणतो, पोरीला वर्गात शू लागली, तिनं तोंड उघडलं नाही, बाईंना कळलं नाही, आणि मग... मगचं मी रोज नव्यानं बघितलं. एकदा तर त्यात आयुक्त पण येऊन उभे होते.

कारण आमची विशाखा बोलत नाही. थांबा, 'अरेरे' करू नका, घरात बोलते! घरात तर तिला गप्प करायला माणूस ठेवावा लागेल. दिवाणावर उभी राहून बुद्धवंदना अशी म्हणते की खालच्या मजल्यावरचे लोक चपला काढून बसत असतील. पण उंबऱ्याबाहेर पाय पडला की संपलं. ओठ असे मिटतात, जणू आत पानाचा विडा आहे आणि थुंकायला जागा नाही. मामा आला, गप्प. डॉक्टर आले, गप्प. डॉक्टरनी 'आ' कर म्हटलं, तर तो आ सुद्धा तिनं आवाज न काढता केला.

तर तुम्हाला सांगते, या पोरीला मी महापालिकेच्या शाळेतल्या बालवाटिकेत घातली. पहिलीच्या आधीचं वर्ष हो, ते आता शाळेतच भरतं. खेळ, गाणी, दुपारची खिचडी, आणि द्यायचं काही नाही, म्हणजे फीच नाही. पण फुकट आहे म्हणून नव्हे! हे मी आधीच सांगून ठेवते, कारण हे वाक्य मी गेल्या दोन महिन्यांत इतक्यांदा बोललेय की आता भाजीवाल्यानं कोथिंबीर वर घातली तरी माझ्या तोंडातून निघतं, फुकट म्हणून नव्हे हं.

आमच्या वर स्वप्नाली राहते. चांगली आहे बिचारी, तिच्याबद्दल काही म्हणणं नाही, म्हणजे थोडं आहे. तिचा ऋतुराज बायपासवरच्या त्या इंटरनॅशनल शाळेत जातो. टाय लावून. कोल्हापूरच्या उन्हाळ्यात, अंगाची लाही होत असताना, साडेचार वर्षाचा पोरगा टाय लावून बसची वाट बघत उभा असतो, कुणीतरी त्याला इन्शुरन्स विकायला पाठवल्यासारखा. तर मी जिन्यात सहज सांगितलं, विशूला महापालिकेच्या शाळेत घालतेय. तिनं काय करावं? माझा हात धरला. आवाज खाली आणला. म्हणाली, "ताई, भाऊजींची कंपनी चालू हाय न्हवं?"

मी म्हटलं, चालू आहे की. पंचतारांकित एमआयडीसी आहे, कागलला, तीन शिफ्टमध्ये चालू आहे. तर तिनं मान अशी हलवली, समजून घेतल्यासारखी... आणि संध्याकाळी ऋतुराजचं जुनं दप्तर घेऊन खाली आली! धुऊन! चेन नवी बसवून! मला सांगा, अशा वेळी माणसानं काय करावं? भांडावं तर ती प्रेमानं आलेली, घ्यावं तर उद्यापासून अख्ख्या बिल्डिंगीत आमचं दिवाळं. मी म्हटलं, अगं स्वप्नाली, फुकट म्हणून नव्हे... ती म्हणाली, व्हय व्हय ताई, आमाला कळत न्हाय व्हय. दप्तर ठेवून गेली. दप्तर चांगलं आहे, ते राहू दे.

आता तुम्ही म्हणाल, मग त्या इंटरनॅशनलमध्ये का नाही घातलंस? गेलते की! मी काय जन्मजात बंडखोर आहे? मी मलकापूरची, आमच्याकडं बंड करायचं तर आधी वडिलांना विचारतात. नवरा म्हणाला जाऊ, म्हणून गेलो. मी, प्रसेनजीत, विशाखा, आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण आत्यांना बोलवावं लागत नाही.

आधीचा महिनाभर मी पोरीची तयारी करून घेतली. माझं नाव काय, माझ्या बाबांचं नाव काय, रंग, फळं, प्राणी, सगळं इंग्रजीत. घरात धडाधड बोलायची. तिला झोपेत हलवलं तरी एलिफंट म्हणेल अशी तयारी. आणि तिथं गेलो, तर गार हवेची खोली, समोर एक मॅम, नखं अशी रंगवलेली, तिनं एक चित्राचं कार्ड काढून पुढं धरलं आणि मधाळ आवाजात म्हणाली, "बेबी, व्हॉट इज धिस?"

उंट. उंट होता हो. विशूनं उंटाकडं बघितलं. मॅमकडं बघितलं. मग छताकडं बघितलं. मॅमनं मासा काढला. विशू गप्प. बस काढली, गप्प. माझ्या पोटात ते सगळे शब्द असे उसळत होते, मीच 'फिश' म्हणून ओरडले असते, खरं सांगायचं तर एकदा ओठांवाटे 'फि' निघालाच, मॅमनी माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी आम्हाला विचारलं, घरात इंग्रजी बोलता का? प्रसेनजीतनं माझ्याकडं बघितलं, मी प्रसेनजीतकडं बघितलं, आणि मागून आत्या म्हणाल्या, "व्हय की, च्या झाला की बोलत्यात दोघं."

झालं. मॅम म्हणाल्या, शी इज अ बिट अंडरकॉन्फिडंट, एक वर्ष थांबवा, एखाद्या थेरपिस्टला दाखवून घ्या. गोड हसून म्हणाल्या. आम्ही बाहेर आलो, पार्किंगमध्ये गाडीपाशी पोचलो, आणि पोरीचा नळ सुटला! त्या बाईच्या एका नखाचा रंग गेलता, त्या उंटाला डोळ्याच्या जागी भोक पडलंतं, वरच्या मशीनमधनं पाणी गळालतं आणि खाली बादली का ठेवली न्हाय, आणि मासा कसला तो, त्याला खवलंच न्हाईत, आज्जी आणती तो मासा बरा... मी तिथंच त्या गाडीच्या बोनेटवर डोकं टेकलं. म्हटलं बाई गं, यातलं एक, फक्त एक आत बोलली असतीस!

त्या दिवशी मी ठरवलं. फुकट म्हणून नव्हे! माझ्या पोरीला चित्र दाखवून 'बोल' म्हणायचं आणि नाही बोलली की कमी लेखायचं, हे ज्या दारात होतं त्या दारात मी तिला पुन्हा नेणार नाही. असं मी गाडीत ठणकावून बोलले. नंतर घरी गेल्यावर मोबाइलवर 'मूल बाहेर बोलत नाही कारणे' हे शोधलं, ते वेगळं. मनात पाल चुकचुकायची ती चुकचुकतेच हो. एम.एस्सी. केलं म्हणून पाल ऐकते का?

पण खरी लढाई घरात. नवरा भांडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो भांडला नाही. जेवता जेवता हळूच म्हणाला, "मी मराठी शाळेतला. पुण्यास्नं सायेब आलं की मीटिंगमध्ये मला सगळं ठाऊक असतंय, आन माझं तोंड उघडत न्हाय. पोरीचं तसं होऊ ने, एवढंच." आता याच्यावर काय बोलायचं? कारण हा माणूस तिच्याबद्दल बोलतोय की स्वतःबद्दल हेच मला कळेना. मी एवढंच म्हटलं, की तोंड इंग्रजी शाळेत सुद्धा उघडलं नाही ना तिचं. तर म्हणाला, ते पण खरं हाय. असा नवरा असला की भांडण पुढंच जात नाही, माणसाची किती शक्ती शिल्लक राहते!

ती आत्यांवर खर्च झाली. मला वाटलेलं आत्या माझ्या बाजूच्या. सासरे अण्णासो, मी त्यांना मामा म्हणायची, ते आता नाहीत, ते याच महापालिकेच्या शाळेत शिकून पोस्टात लागले, घरात त्यांचा फोटो बाबासाहेबांच्या फोटोखाली. मी म्हटलं, आत्या, मामांची शाळा! तर आत्यांनी चुलीवरचं, म्हणजे गॅसवरचं भांडं खाली आपटलं. "त्येंनी अनवानी जाऊन शिकलं, ते नातीनं बूट घालून मोट्या शाळंत जावं म्हनून. तुमी माघारी फिरालाईसा व्हय?" आणि वर, "लोकं काय म्हनतील, ह्यांचं पुन्ना फुकटाला हात पसरायचं दिस आलं."

तिथं मात्र मी पेटले. मी म्हटलं, आत्या, फुकट म्हणून नव्हे! हात पसरणं कुठलं? ती शाळा आपल्या हक्काची आहे. मामांनी ती मागून घेतली नव्हती, आणि मी पण भीक म्हणून जात नाही, मी ताठ मानेनं जाते. असं म्हणून मी इतक्या ताठ मानेनं स्वयंपाकघरातनं बाहेर पडले की दाराची चौकट कपाळाला लागली. आत्यांनी हळद आणून लावली. पण हळद जरा जोरातच लावली.

आणि बालवाटिकेच्या या चौगुले बाई! यांच्याबद्दल सांगायचंच राहिलं. तुम्हाला सांगते, खासगी शाळेत आपण त्यांच्या दारात जातो. इथं शाळा आपल्या दारात येते. वैशाखात, भर दुपारी, छत्री घेऊन, घरोघरी, तुमच्यात पाचव्या वर्षाचं कोण हाय का? जनगणनेवाल्यांसारख्या. मी दार उघडलं. बाई घामानं निथळलेल्या, म्हणाल्या पाणी द्या आधी, मग बोलूया. आणि सोफा सोडून उंबऱ्यातच बसल्या. विशू माझ्या मागं, माझी ओढणी तोंडात. मी वाट बघत होते, आता म्हणतील, बाळ नाव काय तुझं... नाहीच! बाईंनी छत्री मिटून शेजारी ठेवली आणि माझ्याशीच गप्पा सुरू केल्या, माहेर कुठलं, पाणी किती वाजता येतं. विशू बाहेर आली. छत्री उघडली. मिटली. उघडली. मिटली. तिला काय काय येतं हे मी सांगत सुटले, रंग येतात, फळं येतात, फक्त ती जरा लाजते, पण हुशार आहे, म्हणजे मी आई म्हणून नाही सांगत... बाईंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि म्हणाल्या, "तुमी लई बोलता वो."

अपमानच की हो! पण मला राग आला नाही, कारण पाठीमागं छत्रीच्या आतनं विशू हसली. बाहेरच्या माणसासमोर. आवाज करून. तेवढ्यावर मी नाव घातलं. फुकट म्हणून नव्हे, छत्रीमुळं! आता हे कारण लोकांना सांगता येतं का? स्वप्नालीला सांगितलं असतं तर तिनं छत्री पण आणून दिली असती.

शाळा सुरू व्हायच्या आधी त्यांचा मेळावा असतो, मुलं आणि आया, दोघांचा. मी चांगला ड्रेस घातला, पोरीला नवा फ्रॉक. आत्या म्हणाल्या, मी काय येनार न्हाय असल्या शाळंत. आणि आमच्या आधी रिक्षात बसल्या.

दारातच हलगी! आमच्या कोल्हापुरात हलगी वाजली की माणूस सरळ चालूच शकत नाही, पाय आपोआप वाकडे पडतात. पोरांवर फुलं. एका ताटात लाल रंग, पोराचा पाय त्यात बुडवायचा आणि पांढऱ्या कागदावर उठवायचा, पहिलं पाऊल म्हणून. विशूनं पाय दिला, छान उठवला, ओठ मिटलेले. बाई म्हणाल्या, आता आईनं. मला वाटलं चेष्टा करतायत. नाही! या शाळेची तशी पद्धतच आहे, लेकराच्या पावलाशेजारी आईचं पाऊल. मी पाय बुडवला, कागदावर ठेवला, घसरला, आणि माझं शाळेतलं पहिलं पाऊल चांगलं दीड फूट लांब उठलं.

पुढं टेबलंच टेबलं. उड्या मारा, विशूनं मारल्या. राजमा आणि हुलगे वेगळे करा, केले, आत्यांनी पण केले, कुणी सांगितलं नसताना, आणि शेजारच्या पोराचे पण करून दिले. मग आलं चित्राचं टेबल. बाजाराचं चित्र. बाईंनी विचारलं, यात काय काय दिसतंय? विशूनं बघितलं. गप्प. मी म्हटलं, गाय आहे, तिला येते गाय, आणि ती बाई वांगी घेतेय, विशूला वांगी आवडत नाहीत, नाही का गं... चौगुले बाईंनी नुसतं माझ्याकडं बघितलं. मी गप्प झाले. दोघी गप्प. उंटाच्या वेळचंच सगळं, फक्त गार हवा नव्हती. मनात म्हटलं, झालं, आता इथं पण 'थांबवा' म्हणणार, मग मी कुठल्या दारात जाऊ? सगळ्यांशी भांडून बसलेय, नवऱ्याशी, सासूशी, स्वप्नालीशी. आणि बरोबर तेच निघाले तर?

बाई फक्त म्हणाल्या, चला, आता आयांचा खेळ.

अंगणात सगळ्या आयांना गोल बसवलं. पोरं समोर ओळीत. शाळेच्या धोंडुबाई मावशी पाठ करून ताट वाजवणार, तोवर रुमाल हातोहात फिरणार, ताट थांबलं की जिच्याकडं रुमाल, तिनं उठून पोरांना एक गोष्ट सांगायची. कुठली पण. पहिला रुमाल एका भाजीवाल्या बाईंकडं थांबला, त्यांनी त्यांच्या रेड्यानं मिरच्या खाल्ल्या ती गोष्ट सांगितली, पोरं लोळली. दुसरा एका नवख्या तरुण आईकडं, तिनं पण सांगितली, कसली तरी कोल्ह्याची. मग रुमाल माझ्या मांडीत आला आणि ताट थांबलं. आणि आत्या, ज्या येणारच नव्हत्या त्या आत्या, उठून उभ्या राहून सगळ्यांना म्हणाल्या, "आता आयका. आमची सून यमेस्सी हाय."

टाळ्या! कशाला टाळ्या? मी उभी राहिले. समोर चाळीसेक पोरं, तेवढ्याच आया, एक हलगीवाला, एक धोंडुबाई. सगळे माझ्या तोंडाकडं बघतायत. आणि तुम्हाला सांगते, माझ्या डोक्यातनं सगळ्या गोष्टी गेल्या. कावळा गेला, चिमणी गेली, ससा गेला, कासव सुद्धा गेलं, ते तर हळू जातं म्हणतात! तोंड उघडलं, आवाज नाही. मिटलं. परत उघडलं. ओढणीचं टोक हातात आलं. तुमच्यासमोर मी आता एवढी बडबडतेय, ती बसून बडबडतेय. मला उभं करू नका! मला त्या क्षणी प्रसेनजीतची मीटिंग दिसली, ते पुण्याचे साहेब दिसले, ती उंटवाली मॅम दिसली, आणि वाटलं, हे घराण्यात माझ्याकडनं आलंय की काय! मी ताठ मानेनं भांडून घेतलेली शाळा, माझ्या हक्काची शाळा, आणि पहिल्याच दिवशी नापास मी!

कुणी हसलं नाही. ते जास्त वाईट. मावशी ताट धरून उभ्या. आत्यांनी तोंडाला पदर लावला.

आणि समोरच्या ओळीतनं विशाखा उठली. सावकाश. फ्रॉक झटकला. सगळ्या अंगणातनं चालत आली, माझ्या शेजारी उभी राहिली, माझं बोट धरलं आणि तोंड वर केलं. माझ्याकडं नव्हे, चौगुले बाईंकडं. मी मनात म्हटलं, बोलणार! आता ही बोलणार, भर शाळेत, एवढ्या परक्या माणसांत! आत्यांनी पदर खाली घेतला, आणि आमची विशाखा, दिवाणावर उभी राहून बोलते त्याच खणखणीत आवाजात बोलली,

"बाई, तिला बसू द्या की. आजच आलीया. बोलंल उद्या-परवा."